पुकारेवाल्यांचं घर

ती बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हातारी शेवटी विरघळली.

गुरुवारी दुपारी ती आली. आमच्या घरात ती झोपेची वेळ. माझा मुलगा पहाटे बाजारात जातो, फळांच्या पेट्यांचा लिलाव पुकारतो आणि दुपारी जेवून आडवा होतो. त्या वेळी दार वाजवणाऱ्याला आमच्याकडे पाणीसुद्धा मिळत नाही. तिच्या खांद्याला कापडी झोळी, केस आखूड, वय सूनबाईएवढं. मुलगा डोळे चोळत दारात गेला आणि म्हणाला, "वर्गणी देत नाही आम्ही."

"वर्गणी नको. मी युवा केंद्रातून आलेय. समाजसेविका आहे. तुमच्या मुलीच्या शिक्षिकेनं पाठवलंय."

"मग समाजाची सेवा समाजात करा की. हे घर आहे."

"आत येऊ का?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली. माझा मुलगा कुणापुढे गप्प राहू शकत नाही. शेवटी चिडून तोच म्हणाला, "या! या एकदाच्या!"

मी मनातल्या मनात तिचं नाव झोळीवाली ठेवून दिलं.

झालं होतं असं, की माझी नात, आम्ही तिला मुंगी म्हणतो, सतराची, कॉलेजला म्हणून निघायची आणि तिथे जाऊन बाथरूममध्ये बसून राहायची. घरी भिंतीकडे तोंड करून झोपायची. ताटात अन्न तसंच. आम्हाला वाटलं, आळस. सूनबाईला वाटलं, मोबाईल. मोबाईल काढून घेतला तरी ती भिंतीकडेच बघत राहिली. मग एके दिवशी ती मैत्रिणीला म्हणाली, "सकाळी जागच आली नाही तर किती बरं होईल." मैत्रिणीनं ते शिक्षिकेच्या कानावर घातलं, आणि शिक्षिकेनं या बाईच्या.

"घरातली गोष्ट बाजारात गेली!" माझा मुलगा ओरडला. एवढं ओरडला की ती खरोखरच बाजारापर्यंत गेली असेल.

आमच्या घराची गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही पुकारेवाले. माझे सासरे पुकारे, माझा नवरा पुकारे, आता मुलगा पुकारतो. मी लग्न होऊन आले तेव्हा बाजाराच्या पत्र्याच्या छपराखाली नवऱ्याचा आवाज असा घुमायचा की मला घरी चुलीपाशी ऐकू यायचा. मी त्याच्या आवाजावरून ओळखायची, आज माल चांगला आहे की डागी. अजून कधी दुपारी डुलकी लागली की तो आवाज येतो. असो. तर अशा घरात सगळं पुकारूनच चालायचं. सिनेमाला जायचं की नदीवर? एक वार, दोन वार, तीन वार, चला नदीवर! शेवटचा लाडू कुणाला? एक वार, दोन वार... तीन म्हणेपर्यंत जो ओरडेल त्याचा. पोरं खिदळायची. शेजारी म्हणायचे, तुमच्या घरात रेडिओ लावायची गरज नाही.

या घरात मुंगी जन्माला आली. तिला विचारलं, लाल फ्रॉक की पिवळा, की ती छताकडे बघायची. खरंच विचार करायची. तोवर तीन वार होऊन लाल फ्रॉक तिच्या अंगावर चढलेला असायचा. आम्ही हसायचो, "मुंगीचा माल कायम बिनबोलीचा!" तीही हसायची. लहान होती तोवर.

तर झोळीवाली बैठकीत बसली. मुंगीला समोर बसवलं होतं, गुडघे पोटाशी घेतलेली.

"झोप कशी लागते तुला?" झोळीवालीनं विचारलं.

"दिवसभर लोळते, मग रात्री कशी लागेल?" सूनबाई म्हणाली.

"जेवणाचं काय?"

"उष्टं टाकते," मी म्हणाले. "आमच्या वेळी ताट रिकामं केल्याशिवाय कुणी उठत नसे."

"कॉलेजात काही त्रास?"

"त्रास कसला? फी मी भरतो, त्रास मला," मुलगा म्हणाला.

झोळीवालीनं एकेकाकडे पाहिलं. "मी तिला विचारत होते."

"आम्ही काय परके आहोत?" सूनबाईचा आवाज चढला. "मी आई आहे तिची. तिच्या मनातलं मला कळतं."

"मग मला इथे यावं लागलं नसतं," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, त्यामुळे जास्तच झोंबलं.

मग मुंगीशी एकटीशी बोलायचंय, असं तिनं सांगितलं. आम्ही कुरकुरत उठलो. दार अर्धं लोटलेलं. मी पॅसेजमध्ये कपड्यांच्या घड्या घालत बसले. कुणी याला चोरून ऐकणं म्हणेल. माझ्या घरातला पॅसेज आहे. आतून बराच वेळ काही आवाजच नाही. मला वाटलं, काय बाई आहे, पगार घेऊन गप्प बसते. मग ऐकलं, ती सरळ विचारत होती, "मुंगी, मरून जावं असं वाटतं का तुला?"

मी घड्या टाकून आत शिरले. "तोंडाला काही हाड आहे का तुझ्या? पोरीच्या डोक्यात नको ते भरतेस!"

"विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, आजी. आधीच असलं तर बाहेर यायला वाट मिळते."

"मी तुझी आजी नव्हे."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा मुंगीकडे वळून गप्प बसली. जणू मी खुर्ची. मी मुंगीकडे बघितलं. तिनं आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही, पण मान हलवली. वरून खाली. एकदाच.

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले.

जाताना झोळीवाली आम्हा तिघांना म्हणाली, "घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा, आजींचीसुद्धा. काही दिवस तिला घरात एकटं सोडू नका. सोमवारी मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतलीय, मी घेऊन जाईन. तोवर रोज फोन करीन, गुरुवारी येईन. मध्येच काही वाटलं तर कितीही वाजता मला फोन करा."

"ती काय काय बोलली?" मुलानं विचारलं.

"ते तिचं आहे. तिच्या जिवाला धोका वाटला तेवढं सांगितलं. तेवढं सांगणार, हे तिलाही आधीच सांगितलं होतं."

"म्हणजे माझी पोरगी, माझं घर, आणि मलाच खबर नाही? वा! आम्ही काय तुमचे गडी आहोत का, मॅडम? औषधं लपवा, पहारा द्या!"

"पहारा नको. सोबत द्या. दोन्हींत फरक आहे."

दार लागल्यावर मुलगा म्हणाला, "शहाणी!" पण औषधांचा डबा त्यानंच कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला लावली. माझ्या रक्तदाबाच्या गोळीसाठी मला माझ्याच मुलापुढे हात पसरायला लागला. त्याचाही राग मी झोळीवालीवरच काढला.

पण तो सोमवार आलाच नाही. रविवारी मुलानं तिला फोन करून सांगितलं, आम्हाला वेड्यांच्या डॉक्टरची गरज नाही. ती चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, पुढच्या सोमवारची वेळ घेते, गुरुवारी येते. त्यावर मुलानं माझ्या लेकीला बोलावून घेतलं.

माझी लेक, मुंगीची आत्या, दूरच्या गावी मुलींच्या वसतिगृहाची मुख्य आहे. ती चालत आली की पोरी भिंतीला चिकटतात, हे ती स्वतःच कौतुकानं सांगते. गुरुवारी सकाळी ती आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "तिचे कपडे भरलेत का? संध्याकाळच्या गाडीनं निघते. अशा शंभर सरळ केल्यात मी. पहाटे उठवायचं, पळवायचं, थंड पाण्यानं आंघोळ. सगळी थेरं जातात."

"वन्सं, जरा जपून हं," सूनबाई म्हणाली. "ती खात नाही."

"भूक लागली की दगड खाईल."

मुंगी कोपऱ्यातल्या खुर्चीत होती. तिची बॅग तिच्या पायाशी आणून ठेवलेली. कुणी भरली, तिला माहीत नव्हतं. ती बॅगेकडे बघत होती तशी मी नवरा गेल्यावर त्याच्या जोड्यांकडे बघायची. मला ते बघवेना. पण लेकीपुढे बोलायची सोय नाही. माझीच जीभ तिच्या तोंडात आहे.

दुपारी झोळीवाली आली. बॅग बघून उंबऱ्यातच थांबली.

"कुठे निघालीय ती?"

"माझ्याकडे," लेक म्हणाली. "मी आत्या. रक्ताची. तुम्ही कोण?"

"सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय तिला. तिची अवस्था तुमच्या भावाला सांगितलीय मी. आत्ता तिला ओळखीच्या माणसांतून उचलून नेणं धोक्याचं आहे."

"धोका? शंभर पोरी सांभाळते मी."

"सांभाळत असाल. हिला विचारलंत का?"

"विचारायचं काय? औषध पाजताना पोराला विचारतात?"

"ही सतराची आहे."

"सतराची असून ही गत! तुमच्यासारख्या लाड करणाऱ्या असल्यावर दुसरं काय होणार?"

मुलगा उठून दोघींच्या मध्ये आला. त्याचा चेहरा तांबडालाल. "विचारायचंय ना? विचारतो! तुमच्यासमोर विचारतो, म्हणजे तुमचं समाधान!" तो मुंगीसमोर उभा राहिला. "मुंगे, आत्याकडे जातेस ना?"

मुंगीनं वर छताकडे पाहिलं.

"एक वार," मुलगा म्हणाला.

सवयच ती. त्याच्या लक्षातही आलं नसेल.

"थांबा," झोळीवाली म्हणाली. "उत्तर येईपर्यंत थांबा."

"थांबलोय की! आणखी किती थांबू? दोन वार!"

मुंगीचे ओठ हलले आणि मिटले. तिनं मान खाली घातली. हात बॅगेच्या पट्ट्याकडे गेला. मी ते पाहिलं. 'हो' न म्हणताच ती निघाली होती.

"गप!" मी ओरडले. मुलावर. एवढ्या मोठ्यानं मी कित्येक वर्षांत ओरडले नव्हते. "तुझा बाप दोनवर थांबायचा!"

मुलगा माझ्याकडे वळला.

"विसरलास? पेट्यांवर बसून बघायचास लहानपणी. दोन म्हणायचा आणि दोन बोटं वर धरून उभा राहायचा. सगळा बाजार बोंबलायचा, म्हातारा झोपला का म्हणून. तो चष्मा पुसायचा. ती मागे उभी राहणारी बाई आठवते, नवरा गेल्यावर गाडा चालवायची ती? पहिल्यांदा आली तेव्हा तोंडातून शब्द निघेना तिच्या. तिच्यासाठी थांबला होता. अडते शिव्या घालत होते तरी थांबला. तीन काय, पोपटसुद्धा म्हणेल. दोनवर थांबायला पुकारा यावा लागतो. तुझा पुकारा म्हणजे नुसती घाई!"

"आई, बाजार वेगळा आणि..."

"तेच सांगतेय. बाजारात तो परक्यांना जे द्यायचा ते तू घरात देईनास."

मग कुणी बोललं नाही. आमच्या घरात. मला ते सहन होत नव्हतं, खरं सांगते. पंखा करकरत होता. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. लेकीनं जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. सूनबाईनं बोलायला तोंड उघडलं, मी तिचा गुडघा दाबून धरला. झोळीवाली खाली मुंगीच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती आणि काहीही करत नव्हती. एवढं काहीही न करणं मी कुणाचं पाहिलं नाही.

मुंगी म्हणाली, "मला आत्याकडे नाही जायचं."

"झालं!" लेक म्हणाली. "मग काय, इथेच..."

"माझं संपलं नाही अजून," मुंगी म्हणाली.

तिचा आवाज बारीक होता, पण तो थेट छताकडून आल्यासारखा वाटला. मुलगा मटकन खाली बसला.

पुन्हा पंखा. पुन्हा नळ.

"सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. मला भीती वाटते. माझीच. घरात सगळे असतात तेव्हा कमी वाटते, पण सगळे बोलतात." ती थांबली. आम्ही थांबलो. "बाबांनी यायचं नाही तिकडे. ते बोलतील. आजी पण बोलेल. आई आली तर चालेल, पण बाहेर बसायचं. आत या येतील." तिनं झोळीवालीकडे बोट केलं.

मी तिच्यासाठी भांडले, आणि बोट तिकडे. एवढी वर्षं तिच्या वेण्या कुणी घातल्या? पण कुणाला बोलणार?

लेक रात्री जेवली नाही आणि दुसऱ्या सकाळी निघून गेली. जाताना म्हणाली, "उद्या काही झालं तर मला सांगू नका." मुलगा तिला पोचवायला गेला. परत आला तेव्हा बॅग अजून तिथेच होती. त्यानंच ती उघडली आणि एकेक कपडा मुंगीच्या कपाटात ठेवला, चुकीच्या कप्प्यांत.

सोमवारी झोळीवाली दारात उभी. मुंगी सँडलचा पट्टा लावत होती, सावकाश, जणू सगळा दिवस तिचाच. सूनबाई तयार होऊन पर्स घट्ट धरून बसलेली. मुलाचे हात शिवशिवत होते. "चल चल" त्याच्या ओठावर आलेलं मला दिसत होतं. तो उठून गॅलरीत गेला.

"येतो आजी," झोळीवाली म्हणाली.

"किती वेळा सांगायचं, मी तुझी आजी नव्हे."

संध्याकाळी त्या परत आल्या. मुंगीच्या हातात औषधाची पुडी होती, ती तिनं आपण होऊन बापाकडे दिली. त्यानं कुलपात टाकली. सूनबाईचे डोळे सुजलेले. मी पोरीला शेजारी बसवून विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

मुंगीनं छताकडे पाहिलं.

दारात मुलगा उभा होता. त्यानं तोंड उघडलेलं मी बघितलं. मी त्याच्याकडे न बघता दोन बोटं वर धरली. त्याच्या बापासारखी. हात भरून आला, तरी खाली घेतला नाही. त्यानं तोंड मिटलं.

बऱ्याच वेळानं मुंगी म्हणाली, "सांगेन आजी. पण आज नाही."

मला राग आला. एवढं थांबून हे! पण तिनं तिच्याच तोंडानं सांगितलं होतं, आणि त्यात 'सांगेन' होतं, म्हणजे उद्याचं काहीतरी होतं. मी हात खाली घेतला आणि तिच्या वेणीची गाठ सोडली.