भट्टी वाढवायची आहे

पाहुण्याने खिशातून लोहचुंबक काढला आणि भट्टीच्या जिन्याच्या कठड्याला टेकवला. तो टक्कन चिकटला. पाहुण्याने तो ओढून सोडवला, पुढे जाऊन धान्याच्या कणगीत हात घालून पाहावं तशा सवयीने तीन-चार ठिकाणी लावला, आणि शेवटी जमिनीवर रांगेत मांडलेल्या नव्या तोट्यांपैकी एकीवर ठेवला. तिथून मात्र तो घसरून खाली पडला.

"तांब्याची आहे ती," फोरमन म्हणाला. "भट्टीत वारा सोडायची तोटी. तिला नाही चिकटायचा."

"तेच बघत होतो," पाहुणा म्हणाला, आणि चुंबक उचलता उचलता हसला.

लोहचुंबक चिकटला नाही म्हणून खूश होणारा माणूस फोरमनने पहिल्यांदाच पाहिला. एरवी त्याने खोदून खोदून विचारलं असतं. पण आज त्याचा जीव इतका हलका झाला होता की पाहुण्याने भट्टीला चुंबकच काय, कान लावला असता तरी त्याला त्यात काही वावगं वाटलं नसतं. दुसरा पाहुणा टेप घेऊन भट्टीचा घेर मोजत होता आणि खडूने पत्र्यावर खुणा करत होता. मोजताहेत म्हणजे वाढवणारच, फोरमनने मनाशी म्हटलं.

बातमी सकाळीच आली होती. ती आणली साहेबांच्या ड्रायव्हरने. कारखान्यात त्याला सगळे 'भोंगा' म्हणत, कारण पाळीचा भोंगा वाजायच्या आत याच्या तोंडून सगळं वाजलेलं असे.

"या कानांनी ऐकलंय," भोंगा चहाच्या टपरीवर सांगत होता. "साहेब गाडीत फोनवर बोलत होते. म्हणाले, भट्टी वाढवायचं पक्कं झालं. येत्या महिन्यात."

"भट्टी वाढवायची?" फोरमनने विचारलं. "हाच शब्द?"

"अहो, हाच! मी काय पदरचं सांगतोय?"

टपरीवर एकदम सगळेच बोलायला लागले. कुणी कुणाच्या पाठीवर थाप मारली, कुणी चहा सांगितला, आणि तो सगळ्यांना सांगितला. वर्षभरात त्या टपरीवर असा गलका झाला नव्हता. आवारात सळ्यांचे भारे पडून होते, त्यांवर तांबडा गंज चढला होता आणि मधल्या फटींतून गवत वर आलं होतं. बंदरावर परदेशी पोलाद उतरत होतं ते इथल्या भट्टीत जळणाऱ्या नुसत्या कोकच्या खर्चात. सरकार त्यावर कर बसवणार, बसवणार, असं ऐकून कान किटले होते. मध्ये एक समिती आली, सगळीकडे फिरली, मान हलवत चहा प्यायली आणि गेली. देशातल्या दोन झोतभट्ट्या तोवर थंड पडल्या होत्या. इथली भट्टी अर्ध्या वाऱ्यावर चालत होती, आणि रोलिंग मिल आठवड्यातले तीनच दिवस.

"माल उचलायला कुत्रं येत नाही, आणि भट्टी वाढवतायत?" क्रेनवाल्या मावशी तेवढ्या म्हणाल्या. उंचावर बसून चाळीस टनांचं भांडं हलवणाऱ्या बाईला खालच्यांच्या उड्यांचं फारसं कौतुक नव्हतं. "माझ्या तर डोक्यात शिरत नाही."

"मावशी, तुम्हाला चांगलं काही सोसतच नाही," फोरमन म्हणाला. "कर बसणार असेल. साहेबांना आतली बातमी असेल. त्याशिवाय का वाढवतील?"

चहा अर्धा टाकून तो तडक रोलिंग मिलकडे निघाला. घाईला कारण होतं. त्याच्या धाकट्या भावाला दूरच्या एका जहाजबांधणीच्या गोदीतून बोलावणं आलं होतं. चांगली जागा, राहायला खोली. होय की नाही, ते आज दुपारपर्यंत कळवायचं होतं. आईवडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. तेव्हापासून त्याने स्वतःच्या मनाने चपलाही घेतल्या नव्हत्या. काल जेवताना तो म्हणाला होता, "दादा, तू म्हणशील तसं." आणि दादा ताटातला भात नुसता कालवत राहिला. जा म्हणावं तर घर रिकामं होणार. राहा म्हणावं तर कशाच्या जोरावर? उद्या सांगतो, असं म्हणून त्याने वेळ मारून नेली होती.

मिलमध्ये धाकटा पोलाद लाटायच्या रुळांना तेल देत होता. आज मिल चालायचा दिवस नव्हता, तरी तो आला होता.

"नाही म्हणून कळव त्यांना," फोरमन धापा टाकत म्हणाला. "भट्टी वाढवतायत आपली."

धाकट्याने तेलाचा डबा खाली ठेवला. "खरंच?"

"साहेबांच्या तोंडचं आहे. भट्टी वाढली की तुझी मिल तिन्ही पाळ्या चालणार. कुठे परमुलखात जाऊन पत्रे ठोकत बसतोस!"

"मला तरी कुठे जायचं होतं," धाकटा म्हणाला, आणि बाहीने तोंड पुसायच्या निमित्ताने त्याने डोळे पुसले. फोरमनने ते पाहिलं आणि मुद्दाम रुळांकडे बघत राहिला.

पाहुण्यांचं मोजमाप आटोपेपर्यंत उन्हं कलली. साहेब स्वतः त्यांना गाडीपर्यंत सोडून आले. साहेब माणूस सरळ. दुकानदाराच्या घरात वाढलेले, त्यामुळे अशुभ बोलायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. 'नाही', 'संपलं' असले शब्द त्यांच्याकडून कधी यायचे नाहीत. कोकची शेवटची वॅगन रिकामी झाली तरी ते 'कोक यायचाय' म्हणत. यावरून कामगार त्यांची नक्कल करत, पण प्रेमाने.

ते भट्टीखाली येऊन थांबले आणि वर बघू लागले. फोरमनला वाटलं, हीच वेळ.

"साहेब, किती वाढवायची?"

"काय?"

"भट्टी. उंची वाढवणार, की पोट? पोट वाढवायचं तर खालचा चौथरा आधी बघावा लागेल. माझं म्हणणं..."

"किती म्हणजे?" साहेब म्हणाले. ते फोरमनकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्यांनाच माहीत आहे साहेब. तुम्ही फोनवर म्हणालात, भट्टी वाढवायची."

"म्हणालो," साहेब म्हणाले.

चष्म्याच्या काचा त्यांनी सदऱ्याच्या टोकाला पुसल्या, पुन्हा पुसल्या.

"आमच्याकडे दुकान बंद कधी करत नाहीत हो," ते हळू आवाजात म्हणाले. "वडील रोज फळ्या लावायला घेताना म्हणायचे, चला, दुकान वाढवा. दुसरा शब्द माझ्या तोंडात येत नाही. भट्टीच्या बाबतीत तर कसा येणार?"

फोरमन उभा होता तिथेच उभा राहिला. त्याला हा शब्द काय माहीत नव्हता? त्याची आई काकण फुटलं तर 'वाढलं' म्हणायची. फुटलं म्हणायची नाही कधी. जन्मभर कानावर पडलेला शब्द, आणि आज ऐकताना त्याने त्यातलं हवं तेवढंच ऐकलं होतं.

"मग ते पाहुणे?"

"भंगाराचे व्यापारी." साहेबांनी चष्मा लावला. "तांबं भरपूर निघेल म्हणाले. सोमवारी सगळ्यांना मीच सांगणार आहे. तोवर तुमच्यापाशीच ठेवा."

फोरमन वळला आणि चालू लागला. फाटकाशी भोंगा गाडी पुसत होता. "काय, बोलले का साहेब? कधीपासून?" त्याने विचारलं. फोरमनने मान हलवली, आणि मग तो धावतच सुटला. या वयात तो धावताना कुणी पाहिला नव्हता. फाटकावरचा रखवालदार हसून म्हणाला, "जोर आला हो अंगात!"

घरी धाकटा पाय पसरून बसला होता आणि वहिनीला काहीतरी गंमत सांगत होता. त्याचा चेहरा पाहूनच फोरमनचे पाय उंबऱ्याशी अडले.

"कळवलंस?" त्याने विचारलं.

"कधीच. तू गेलास तसा लगेच फोन केला."

"पुन्हा कर. आत्ता. सांग, विचार बदलला म्हणून."

धाकटा हसला. "ती जागा काय माझ्यासाठी धरून ठेवतील का दादा? मी फोनवर असतानाच गोदीतल्या साहेबाने दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली. तुझी जागा झाली रे, म्हणाला. तो पलीकडे ओरडलाच आनंदाने. मला ऐकू आलं. बरं वाटलं, कुणाचं तरी भलं झालं." मग त्याने भावाकडे नीट पाहिलं. "का रे? काय झालं?"

"काही नाही. धावत आलो, दम लागला."

"साहेब काय म्हणाले? किती वाढवणार?"

फोरमन हात धुवायला मोरीत गेला. नळ सोडून तो बराच वेळ हात चोळत राहिला. बोटांतलं काळं कधीच निघत नसे, तरी चोळत राहिला. बाहेर अंधारून आलं होतं. दुसऱ्या पाळीने लोखंडाचा रस काढायला भट्टीचं तोंड फोडलं असणार, कारण मोरीच्या झरोक्यातून समोरच्या भिंतीवर नेहमीची लाली चढली आणि हलू लागली. ही लाली दिसली की या गल्लीत मुलं अभ्यासाला बसत आणि बाया चुली पेटवत. त्याने नळ बंद केला.

तो बाहेर आला तर ताटं मांडून झाली होती. धाकटा मांडी ठोकून बसला होता. कित्येक महिन्यांत तो असा बसला नव्हता. चार घास चिवडून उठायचा, कशालाच चव नाही म्हणायचा.

बायको पातेलं घेऊन आली आणि आधी नवऱ्याच्या ताटापाशी वाकली.

"वाढू?" तिने विचारलं.

फोरमनने ताटावर आडवा हात धरला. ती थबकली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पातेलं तिच्या हातात तसंच राहिलं.

"वाढ की वहिनी," धाकटा मोठ्याने हसत म्हणाला. "आज सगळंच वाढतंय!"

"त्याला वाढ आधी," फोरमन म्हणाला. "पोटभर जेवू दे त्याला. मग मला त्याच्याशी बोलायचंय."