वर्नाची एक्क्याऐंशी अक्षरं

वर्ना केटुनेनने चिठ्ठीवरचा आकडा पुन्हा वाचला, पडद्यावरचा पुन्हा वाचला.

चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात ४,२१,२००. फाईल उघडण्याआधीचा आकार. ही तिची सत्तावीस वर्षांची सवय. आधीचा आकडा लिहायचा, नंतरचा लिहायचा. आज तिने एकच ओळ घातली होती. ऐंशी अक्षरं आणि ओळ संपल्याची एक खूण, म्हणजे फाईल एक्क्याऐंशीने वाढायला हवी होती. पडद्यावर होतं २,६८,९१४.

अकरा बत्तीस. बाराच्या ठोक्याला खालच्या मजल्यावरचं यंत्र रस्त्यांच्या यादीची ही फाईल आपणहून उचलणार आणि तिथून पुढे काउंटीतल्या सगळ्या अॅम्ब्युलन्स त्यातल्या पत्त्यांवर धावणार.

"ट्रेंट, इकडे ये जरा."

ट्रेंट तिचा साहेब, वयाने तिच्या मुलाएवढा. कॉफीचा मग घेऊन आला. "काय गं, नव्या पाहुण्याशी जमत नाही अजून?"

नवा पाहुणा म्हणजे प्रोग्रामर ज्यात ओळी लिहितात, तो नवा एडिटर. सोमवारपासून सक्तीचा. वर्नाचा जुना एडिटर अक्षरं दाखवायचा आणि अक्षरं साठवायचा, बस्स. या नव्यात डावीकडे हवामान, उजवीकडे गप्पा मारणारा मदतनीस, खाली रोजचे गुण, आणि मध्ये लिहायला टपाल तिकिटाएवढी जागा. हे कुणी मागितलं होतं? कुणीच नाही. ज्यांना आयुष्यात एक ओळ लिहायची नाही, त्यांनी ते लिहिणाऱ्यांच्या गळ्यात बांधलं होतं.

"साठवताना यानं ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा छाटल्या," वर्ना म्हणाली. "न विचारता."

"मग? फाईल हलकी झाली. चांगलंच की."

"खालचं यंत्र दर रस्त्याला ऐंशी अक्षरं मोजून वाचतं, ट्रेंट. रिकामी जागासुद्धा मोजतं. आता एका रस्त्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला चिकटलंय. पाच हजार रस्ते. ओक स्ट्रीटवर माणूस कोसळलाय आणि गाडी निघाली विमानतळाकडे."

ट्रेंटने कॉफीचा मग टेबलावर ठेवला. "सकाळची प्रत असेल ना? ती टाक."

"तीत टिल्सन कोर्ट नाही."

टिल्सन कोर्टवर नवा वृद्धाश्रम उघडला होता. रविवारी तिथून फोन आला, तर गाडी अकरा मिनिटं गल्ल्या शोधत फिरली. म्हणून तर आजची ही ओळ.

"टिल्सन उद्या टाकू."

"मग त्यांना कळव. म्हणावं, उद्यापर्यंत छाती धरून बसा."

तिने सकाळच्या प्रतीत ओळ घालून पुन्हा साठवली. पुन्हा छाटली गेली. ही छाटणी बंद कुठे करायची? दोनशे चौदा पर्याय, त्यात हे सापडेना. मदतनिसाला विचारलं. तो म्हणाला, "छान प्रश्न! तुमची फाईल आता छत्तीस टक्के अधिक नीटनेटकी आहे."

"मी तक्रार टाकतो," ट्रेंट म्हणाला.

"ती कधी बघतात?"

"दोन दिवसांत."

तेवढ्यात नव्या एडिटरची चौकट करडी झाली. नवी आवृत्ती येत आहे, कृपया थांबा. अकरा सेहेचाळीस. वर्नाने खाली यंत्रावर बसणाऱ्या मार्लिसला फोन लावला.

"मार्लिस, बाराची फाईल अडवता येईल?"

"मला? बाई, मला खिडकी उघडायलासुद्धा अर्ज करावा लागतो. का, चुकलंय काही?"

"बाराला सांगते."

"बाराला सांगून मी काय करू?"

वर्नाने पर्स ओढली. किल्ल्यांच्या कडीत घराची किल्ली, गाडीची किल्ली आणि घासून पांढरा पडलेला पेन ड्राइव्ह. त्यात जुना एडिटर.

"वर्ना, नको. बाहेरचं सॉफ्टवेअर. मला वर कळवावं लागेल."

"कळव."

जुना एडिटर डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. तिने त्यात सकाळची प्रत उघडली, टिल्सन कोर्ट लिहिलं आणि पुढे रिकाम्या जागा मोजत गेली. साठवलं. ४,२१,२८२.

एक जास्त.

अकरा सत्तावन्न. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, तोंडाने, शाळेतल्या पोरीसारखं. ट्रेंटही नकळत पुटपुटत मोजू लागला. एक जागा खोडली. साठवलं. ४,२१,२८१.

बारा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. "आली गं फाईल," मार्लिस म्हणाली. "टिल्सन कोर्ट दिसतंय. ओक स्ट्रीट ओक स्ट्रीटलाच आहे. आता सांग, काय झालं होतं?"

"काही नाही. जेवून घे तू."

ट्रेंट फॉर्म घेऊन आला. मंजुरी नसलेलं सॉफ्टवेअर वापरलं, तारीख, वेळ. त्याला तिच्याकडे बघवेना. वर्नाने सही केली, कडीतून पेन ड्राइव्ह सोडवला आणि त्याने जमा करायला पुढे धरलेल्या पाकिटात टाकला.

नव्या एडिटरची चौकट उजळली होती. आजचा अनुभव कसा वाटला? पाच तारे. 'नको' म्हणायला जागाच नव्हती, नुसतं 'नंतर'.

वर्नाने चिठ्ठीवर नंतरचा आकडा लिहिला, वेळ लिहिली आणि ती चिठ्ठी पडद्यावर, त्या हवामानावर चिकटवली. मग किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. कडीत आता नुसत्या दोन किल्ल्याच होत्या. पडताना नेहमीसारखा आवाज झाला नाही.