भरली तिरडी

बौद्धवस्तीतली बावीस माणसं पांढऱ्या कपड्यांत, रिकामी तिरडी खांद्यावर घेऊन घाटरस्त्याला लागली, तेव्हा नवे फौजदार जीपमधून उतरले आणि त्यांनी टोपी काढली.

"कोण गेलं?"

"अजून कुणी न्हाई, साहेब," साळूबाई म्हणाल्या. "मोर्चा हाय."

फौजदारांनी टोपी परत घातली. तालुक्यात जमावबंदी होती. पाच माणसं एकत्र दिसली की उचलायची.

मागणी जुनीच. वस्तीच्या स्मशानाची वाट खालच्या बंगलेवाल्याने तार ओढून बंद केली होती. साळूबाई लग्न होऊन आल्या, तेव्हा त्या वाटेनं बैलगाडी जायची. सासूला तिथूनच नेलं, करवंदीच्या जाळ्यांमधून. नवऱ्याला, दादूला मात्र चार वर्षांमागं आषाढात ओढ्यातून न्यावं लागलं. छातीएवढं पाणी, अन् तो माणूस जन्मभर पाण्याला भ्यायचा. तेव्हापासून साळूबाईंना आपली पाळी दिसत होती. अर्जांना उत्तर एकच यायचं : वाट वापरात असल्याचा सरकारी कागद आणा.

"साहेब, तिरडी रिकामी म्हून मोर्चा," हवालदार चिमाजी म्हणाले. "भरली आसती तर मयत. मयताला जमावबंदी न्हाई."

साळूबाईंनी चपला काढून सुनेच्या, छायाच्या हातात दिल्या. "ठिवा खाली. म्या निजते."

"आत्या, अवं!" छाया ओरडली.

"अवं काय? बांध नीट. ह्यांच्या टायमाला गाठ सुटली हुती."

फौजदार वाकले. "आजी, डोळे मिटा. उघडलेत तर सगळ्यांना गाडीत घालावं लागेल."

मग पोलिसांनी भोरची एसटी थांबवली, टेम्पो कडेला घेतले. जिनं साळूबाईंना कधी ओट्यावर चढू दिलं नव्हतं, ती ठकुबाई एसटीच्या खिडकीतून रडू लागली. "लई गुणाची बाई हुती!"

साळूबाईंचे ओठ हलले.

"मयतानं बोलायचं न्हाई," चिमाजी पुटपुटले.

तारेपाशी बंगल्याचा राखणदार आडवा आला. "मयत अडवतोस?" म्हणत फौजदारांनी पक्कड मागवली अन् तार तोडायला लावली.

करवंदीचा वास आला, तशी साळूबाईंना मिटल्या डोळ्यांनीच वाट ओळखू आली.

स्मशानात पंचनामा झाला.

"मयताचं नाव?"

"साळूबाई दादू," मयत म्हणालं.

फौजदारांनी लिहिलं : 'अंत्ययात्रा नेहमीच्या वाटेने शांततेत पोचली. अंत्यविधी पुढे ढकलण्यात आला.' खाली सही केली. छायानं मोबाईलवर फोटो काढला, मग नक्कल मागून घेतली अन् चार वेळा वाचली.

"आता उठू का?" साळूबाईंनी विचारलं.

"उठा. पण परत असं करू नका, आजी."

"पुढच्या खेपंला उठायचीच न्हाई, साहेब."

चिमाजींनी तारेचं भेंडोळं मुद्देमाल म्हणून जीपमध्ये टाकलं. साळूबाईंनी चपला मागितल्या, आणि त्याच वाटेनं त्या पायी घरी निघाल्या.