पळसाचा माणिकराव

बहात्तरच्या दुष्काळात इंझोरीचा माणिकराव लांबच्या खदानीवर कामाला गेला, आणि काही महिन्यांनी घरी आली ती नुसती खबर. दरड कोसळली, माणूस सापडला नाही. आता देहच नाही तर जाळायचं काय? अशा वेळी पळसाच्या देठांचा माणूस करून तो जाळतात. त्यात काय मोठं! डोक्याला नारळ, छातीला देठांचा चौकोन, हातापायांना चार सरळ जुड्या.

धाकट्या भावानं, बबनरावानं, तसा एक बांधलाही. पण माणिकरावाची बायको कस्तुराबाई त्याच्याकडे बघेना.

"हे कोन होय? तुमच्या भावाचा उजवा खांदा उतरता हाय, बबनराव."

नवरा जिता आहे असं तिचं मन सांगत होतं, पण बाईचं ऐकतो कोण! मग जाळायचाच तर माझाच माणूस जाळा, परका नको, या हट्टानं ती स्वतः बसली. खांदा उतरवला. माणिकराव लंगडायचा, म्हणून डावा पाय बोटभर आखूड केला. पुतळा अंगणात आडवा ठेवला तशी सासूनं हंबरडाच फोडला. इतका हुबेहूब कायले केला म्या, असं कस्तुराबाईला वाटलं, तोवर बबनरावानं अग्नी दिला होता.

दोन दिवसांनी भर दुपारी माणिकराव दारात उभा! क्रियाकर्म झालेल्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. बबनरावानं आतून कडी घातली. कस्तुराबाई मागच्या दारानं धावत आली. तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"दरडीच्या आदल्या दिवशीच दुसऱ्या कामावर गेलतो वं," माणिकराव म्हणाला. मग त्याला तिची उघडी मनगटं दिसली. "माहा पुतळा जाळला काय?"

"हो."

"खांदा?"

"उतरता केला."

"पाय?"

तिनं एक बोट आडवं धरून दाखवलं.

"कवा जाळला?"

"परवा."

माणिकरावानं गाठोडं खाली ठेवून पोटावरून हात फिरवला. "परवापासूनच मले भूक लागून नाही राह्यली," म्हणाला, आणि गाठोडं उचलून निघाला.

तिनं लाज सोडून भर रस्त्यात त्याचा हात धरला. "हात पाहा तुमचा, किती गरम हाय! मेल्या मानसाचा हात असा राह्यते काय?"

"तूच तं जाळलं ना मले," तो अगदी मायेनं म्हणाला. "गरम राहीनच."

कस्तुराबाईनं हात सोडला.