हिल्माने विणलेली पिवळी टोपी

आमच्या तळ्याकाठी घरात कुणी गेलं की मागे राहिलेले पिवळं-काळं घालतात. वर्ष सरेपर्यंत टोपी, हातमोजे, शालीची किनार, सगळं त्याच रंगात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. इथलं शेंबडं पोरसुद्धा टोपी बघून ओळखतं की त्या घरात काय झालंय.

माझी भावजय हिल्मा मात्र दक्षिणेकडच्या समुद्रकाठची. आमची दोन धाग्यांची वीण तिला माझ्या आईनेच शिकवली. दर टाक्याला दोन्ही धागे एकमेकांवर पिळायचे, म्हणजे टोपी अशी घट्ट होते की वारा आत शिरत नाही आणि उसवायला गेलं तर बोटं सोलवटतात. पोरगी हुशार. नवऱ्याला चकित करायचं म्हणून तिने बर्चच्या पाल्यात लोकर रंगवली, गोठ्यात लपूनछपून टोपी विणली आणि मार्चातल्या एका रविवारी हालवरच्या डोक्यावर चढवली. पिवळीधमक, वर काळी नक्षी. वीण इतकी सुबक की मला हेवा वाटला.

आईच्या हातातली कॉफीची किटली तशीच राहिली. हालवरने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हिल्माला म्हणाला, "छान झालीय. आज चर्चला हीच घालतो."

चर्चच्या पायऱ्यांवर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेजारच्या बार्ब्रोला मात्र गप्प बसणं ठाऊकच नाही. टोपीला बोट लावून ती म्हणाली, "काय रे हालवर, कोण गेलं तुमच्याकडचं? आम्हाला कळवलं पण नाही."

"तुझीच वाट बघतोय, बार्ब्रोकाकू," हालवर म्हणाला. हिल्मा हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय.

घरी आल्यावर आईने त्याला लाकडाच्या खोपटात गाठलं. मी तिथेच मोळी बांधत होते.

"काढ ती. मी तिला समजावते."

"काही समजवायचं नाही. सगळा हिवाळा गोठ्यात बोटं गारठवून विणलीय तिनं. तुमच्या रंगांचं खूळ तिच्या डोक्यात घालाल तर याद राखा. ताई, तू पण."

"बरं बाबा," मी म्हटलं.

आईने त्याची बाही धरली. "मग एवढं तरी ऐक. उद्या लोहाराकडे जाशील ते जंगलातल्या रस्त्याने. तळ्यावर पाय ठेवायचा नाही. शपथ घे."

"आई, जंगलातून केवढा वळसा पडतो."

"शपथ घे म्हणते ना."

त्याने घेतली. आईची भीती उगाच नव्हती. गोठलेल्या तळ्यावरच्या हिवाळी वाटेच्या खुणेला बर्फात रोवलेल्या फांद्या गावकऱ्यांनी आदल्याच आठवड्यात उपटल्या होत्या. फांद्या नाहीत म्हणजे वाट बंद, बर्फ खालून कुजलाय. आणि डोक्यावर ती टोपी. मी अशा गोष्टी मानत नाही, पण त्या दिवशी मीही आईचीच बाजू घेतली.

सोमवारी हालवर घसरगाडीची लोखंडी पट्टी घेऊन पलीकडच्या काठाला गेला. दुपारी हिल्मा विहिरीवरून आली ती रिकामी बादली घेऊन. चेहरा पांढराफटक. सरळ पेटीकडे गेली आणि हालवरची जुनी लाल टोपी काढून तिने छातीशी धरली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही वन्सं. आलेच मी."

मला वाटलं, विहिरीवर बार्ब्रोने रंगांचं सांगितलं आणि ही तिच्याशी भांडायला निघाली. मनात म्हटलं, बरं होईल, त्या बाईला कुणीतरी सुनावायलाच हवं. मी चरख्यावरून उठलेसुद्धा नाही.

उजेड उतरायला लागला तेव्हा हालवर आला. जंगलाकडून, बूट चिखलाने भरलेले, डोक्यावर पिवळी टोपी. आईने त्याचे दोन्ही गाल धरले, रडली, हसली. त्याला कॉफी ओतून दिली, साखरेचा मोठा खडा दिला.

"बघ, आलो की नाही धडधाकट?" तो म्हणाला. "बार्ब्रोला आता दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागेल."

आम्ही तिघंही हसलो. मीही खूप हसले. मग त्या टोपीकडे बघता बघता माझं हसू थांबलं. हे रंग मेलेल्याच्या डोक्यावर कधी नसतातच. ते मागे राहिलेल्याने घालायचे असतात. आम्ही भलत्याच माणसाला जपत बसलो होतो.

"हिल्मा कुठाय?" हालवरने विचारलं.

"तुझी लाल टोपी घेऊन गेली," मी म्हटलं. "दुपारीच."

"कुठं गेली?"

मी खिडकीतून तळ्याकडे बघितलं. त्याने कपावरून मान वर केली आणि त्याला कळलं. त्याची शपथ तिला कुणी सांगितली नव्हती. तिच्या लेखी तो नेहमीसारखा तळ्यावरून येणार होता, डोक्यावर ती टोपी घालून. फांद्या उपटण्याचा अर्थही तिला कुणी सांगितला नव्हता.

काठावर पावलं दिसली, छोटी, घाईघाईची. ती सरळ पलीकडच्या काठाच्या दिशेने गेली होती. जिथे ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ काळा पडला होता आणि त्यापुढे पाणी होतं. पाण्याच्या कडेला काहीतरी लाल पडलं होतं.

हालवर तिच्या नावाने हाका मारत राहिला. गावातली माणसं दोर, फळ्या घेऊन आली. बार्ब्रोही आली, पण या वेळी ती काही बोलली नाही.

पिवळी टोपी त्याच्या डोक्यावरच होती. ती काढ असं आता त्याला कुणी म्हणालं नाही.