काळ्या तबकडीचं घड्याळ

आमच्या बलभीमदाजींना जुन्या घड्याळांचा भारी नाद. तुळजापूरच्या बाजारात कुणी मोडीत काढलेलं मनगटी घड्याळ दिसलं, की हा माणूस तिथंच उकिडवा बसायचा. घरी आणून उघडायचा, पुसायचा, चालू करायचा. बिस्किटाच्या डब्यात अशी सात घड्याळं होती. रोज मनगटावर वेगळं. माझी बहीण कमल म्हणायची, एखादीला एक सवत असते, मला सात आहेत.

त्यातलं लाडकं काळ्या तबकडीचं, कुण्या फौजी माणसाचं. त्याची चावी बाहेर ओढली की सगळे काटे जागीच थांबायचे. रेडिओच्या ठोक्याला दाजी चावी आत दाबायचे आणि वेळ सेकंदाला जुळायची.

बहात्तरच्या दुष्काळात ईट गावच्या शिवारात पाणी सोसायटीच्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं. दाजी सुरुंगाचे बार लावायचे, मी त्यांच्या हाताखाली. बार लावणाऱ्याच्या घड्याळावर काम चालायचं, हा आमचा पक्का नियम. एखादा बार उडाला नाही, तर अर्धा तास कुणी खाली जायचं नाही. त्यानंतर उतरून बघायचं काम माझं.

त्या दिवशी तळाचा खडक ओला लागला. लोकांनी ती ओल कपाळाला लावली. त्याच ओलीत आम्ही सहा बार भरले, अकराला वाती पेटवून वर आलो. पाच उडाले. सहावा गप्प.

"वात भिजली असंल," दाजी म्हणाले. "आतच धुमसत बसली तर सांगता येत न्हाय. आज ऱ्हाऊ द्या, उंद्या बघू."

सोसायटीचे चेअरमन नानासाहेब कडाडले, "उंद्या? बाया दोन कोसांवरनं पाणी आणायल्यात! अर्धा तास म्हंजी अर्धा तास. जमत नसंल तर वाशीचा बारवाला बोलावतो."

दाजी मागं फिरले. काठावर बसून राहिले.

नानासाहेबांचं घड्याळ नवंकोरं, सोनेरी. त्यांनी ते वर धरलं. "झाला अर्धा तास."

दाजींनी मनगटावरची काळी तबकडी बघितली. "माज्यात बाराच मिन्टं झाल्यात."

सगळे खो खो हसले. "अहो, भंगारच ते!" कुणीतरी म्हणालं.

माझ्या अंगाची नुसती आग झाली. या माणसाच्या घड्याळावर मी गावात पैजा मारायचो, आणि त्यानं चारचौघांत अशी शोभा करून घ्यावी!

"दाजी, भ्यालाव व्हय?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

दगड ओढायच्या यारीच्या पाटीत मी पाय टाकला. "सोडा खाली!"

दाजी धावत आले, दोर दोन्ही हातांनी धरला. "माज्यात अर्धा तास झाल्याबगर कुणी उतरायचं न्हाय. नियम हाय." नानासाहेब तोंडाला येईल ते बोलले. दाजींनी दोर सोडला नाही. मी चिडून त्यांची बोटं उकलायला लागलो.

तेवढ्यात जमीन हादरली.

दाजींनी मला ओढून खाली पाडलं आणि माझ्यावर पालथे पडले. दगड यारीच्या खांबावर थडाथड आदळले. धुरळा बसला तेव्हा त्यांचं मनगट माझ्या नाकासमोर होतं. अकरा वाजून बारा मिनिटं. चावी बाहेर ओढलेली.

मी काहीतरी ओरडणारच होतो. मी त्यांच्याकडे बघितलं.

"वरडू नगंस," ते कानाशी म्हणाले. "माज्या भीतीवर कोण थांबलं असतं?"

"मंग आता तरी सांगा की सगळ्यांना!"

"न्हाय. गावात म्हण, दाजीचं घड्याळ मागं पडतंय. फुडं आणिक एखादा बार राहिला, तर कामाला येईल."

मी चावी आत दाबली. काटा चालायला लागला.

गावभर मी तसंच सांगितलं. लोक दाजींच्या मनगटाकडे बघून हसायचे, आणि दाजीही त्यांच्यासोबत हसायचे. मला मात्र ते कधी जमलं नाही.