बरणीतलं नितळ पाणी

काठावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. गावात नव्यानं आलेल्या चमत्कारी बाबांनी नदीचं गढूळ पाणी काचेच्या बरणीत घेतलं, अंगठीचा हात त्यात बुडवला आणि डोळे मिटून ढवळायला लागले.

"मळ टाक माते, मळ टाक!"

मातेनं ऐकलं. गाळ तळाला बसला, वर पाणी नितळ. टाळ्यांचा नुसता कडकडाट! मी मात्र अंगठीतल्या पांढुरक्या खड्याकडे पाहत होतो. तीस वर्षं हजामती करतोय. दाढीनंतर गालावर फिरवायची तुरटी मला ओळखू येणार नाही?

पण मी गप्प बसलो. शेजारी ताई उभी होती, आणि भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदाच हसत होती.

नदीवरचा पहारा तिनंच उभा केलेला. कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडणाऱ्या नळाशी दहा घरं पाळीपाळीनं बसायची. नळातून पिवळं पाणी आलं की शिट्टी, आणि सगळी वस्ती फाटकावर! म्हणून तर मासे टिकले, पाणमांजरं परत आली. दर महिन्याला ताई दगड उलटून गोगलगायी, शिंपले, किडे मोजायची.

"आता आठ दिवस नदी तपाला बसणार," बाबा म्हणाले. "पहारा म्हणजे संशय! नळाकडे कुणी फिरकायचं नाही."

सहा वर्षांत कधी न चुकलेली पाळी मोडली. ताईनं स्वतःच्या हातानं शिट्टी खुंटीला अडकवली.

नवव्या दिवशी नदीचा तळ दिसत होता. लोक आनंदानं नाचायला लागले. ताई पाण्यात उतरली. एक दगड उलटला, खाली काहीच नाही. दुसऱ्याखालीही काही नाही.

"हात चुरचुरतायत रे," ती म्हणाली.

खालच्या वळणावर मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. विज्ञानाच्या बाईंनी तपासणीची पट्टी पाण्यात बुडवली. ती लालभडक झाली.

"आम्ल आहे. आठ दिवस बिनधास्त सोडलंय. यात शेवाळ मरतं, गाळ खाली बसतो, म्हणून पाणी इतकं स्वच्छ दिसतंय. जिवंत काही उरलेलं नाही यात."

बाबांची शोधाशोध झाली. ते कारखान्याच्याच गाडीतून गेल्याचं फाटकावरच्या रखवालदारानं सांगितलं.

मग मी बाबांच्या मागे राहिलेल्या बरणीत नळाच्या वरच्या अंगाचं गढूळ पाणी भरलं आणि पेटीतली तुरटी काढून त्यात फिरवली. अंगठी नाही, मंत्र नाही, तरी गाळ बसला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. ताई तेवढी माझ्याकडे बघत होती.

"तुला कधी कळलं हे?"

"पहिल्याच दिवशी."

तिनं पाठ फिरवली. घरी जाऊन तिनं शिट्टी गळ्यात घातली आणि नळाकडे निघाली.

ती बरणी आता माझ्या दुकानात आरशापुढे असते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मी खेळ करून दाखवतो आणि सांगतो, डोळ्यांनी पाहिलं म्हणून लगेच मान डोलवू नका. हातात काय आहे ते विचारा. आणि कळलं असेल तर तिथल्या तिथे बोला, कुणाचं हसू मोडलं तरी बोला. मी बोललो नाही, त्याची लाज अजून जात नाही.

ताई अजूनही दर महिन्याला दगड उलटते. काय सापडलं, हे ती आता मला सांगत नाही.